सहा बावन्नची नोंद

सोहारमध्ये आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता चार पदरी आहे.
पलीकडे शाळा, अलीकडे आम्ही,
मधे नशीब.

फेब्रुवारीत रुहुल गेला. लाँड्रीवाला.
हँडलला इस्त्रीचे पांढरे दिश्दाशे लटकवून
सायकल ढकलत ओलांडायचा,
एक हात ब्रेकवर,
दुसरा कपडे जमिनीला टेकू नयेत म्हणून.
दुपारी डागावर वाळू पडली.
चौथ्या दिवशी नवा माणूस आला.
सायकल तीच, पुढचं चाक तेवढं नवं.

शाल्मलीने मला काही विचारलं नाही.
गणिताची वही मागच्या बाजूने उघडली.
ती, तिसऱ्या मजल्यावरचा जोबिन,
बकाल्याच्या मालकाची नात जुवैना,
आणि हस्साम, ज्याला अजून मिसरूड फुटायचंय,
पावणेसात ते सव्वासात, बकाल्याच्या पायरीवर.
कुणी ओलांडायला उभं असताना
गाडी थांबली तर रेघ.
नाही थांबली तर नंबर.

मी म्हणालो, बाई गं, परका मुलूख.
व्हिसावरचा माणूस हळू बोलतो.
रस्ता त्यांचा, कायदा त्यांचा,
उन्हाळासुद्धा त्यांचाच.
ती म्हणाली, पाय माझे आहेत ना?

अकरा दिवसांत दोन हजार तीनशे नऊ गाड्या.
थांबल्या छप्पन्न.
त्यातल्या चाळीस स्कूलबसमागे अडकल्या होत्या,
हेही हस्सामने खाली लिहून ठेवलं.

बलदियातल्या खिडकीमागच्या माणसाने
खजूर दिले, कॉफी दिली,
म्हणाला, अर्ज अरबीत आणा.
जुवैनाने रात्र जागून अरबीत उतरवला.
मग म्हणाला, मोठ्या माणसाची सही आणा.

म्हणून वही माझ्या ताटाशेजारी आली.

न वाचता सही करत नाही मी.
एका एजंटने पूर्वी शिकवलंय, चांगले पैसे घेऊन.
हात पुसले, चष्मा लावला, पानं उलटली.
सातवं पान. मंगळवार. सहा बावन्न.
पांढरी व्हॅन, पाण्याच्या जारांची.
पुढे नंबर,
जो मी झोपेतही सांगेन.

त्या ओळीवर कागद पातळ झाला होता.
खोडलेलं, परत लिहिलेलं,
परत खोडलेलं.
शेवटी पेनने.

ती खाली बघून भाजीतल्या मिरच्या
बाजूला काढत होती. एकेक.

मला तो मंगळवार आठवायला हवा होता.
ऐंशी जार आठवले. साहेबांचे तीन मिस्ड कॉल आठवले.
कडेला कोण उभं होतं,
पायरीवरून कोण बघत होतं,
काहीच नाही.
पोटच्या पोरीसमोरून मी गेलो
आणि मला ती दिसली नव्हती.

सही केली.
सहीखाली व्हॅनचा नंबर घातला, विचारला नव्हता तरी.
शाल्मली म्हणाली, बाबा, तिथे फक्त नाव हवंय.
राहू दे, म्हटलं.

मे महिन्यात रंगवाले आले
आणि चाळीस पावलं चुकवून
पेट्रोलपंपासमोर पट्टे मारून गेले.
बाहेर डांबर बुटाला चिकटत होतं.
चौघं परत बलदियात. परत खजूर.
आता नवी वही घातली आहे,
दोनशे पानी.

मी थांबतो. जिथे पट्टे नाहीत, तिथे.
मागून हॉर्न सुरू होतात
अरबीत, मल्याळममध्ये, पुश्तूत,
सगळे कळतात.
पायरीवर जोबिन मान वर न करता रेघ मारतो,
ओळख दाखवत नाही. बरोबरच आहे.

लाँड्रीच्या नव्या माणसाला अजून सवय नाही.
गाडी खरंच थांबली का, दोनदा बघतो.
मग अर्ध्या रस्त्यात येऊन
आभाराला हात उचलतो, नेमका तोच हात,
आणि मी काच खाली करून ओरडतो,
अरे, कपडे! कपडे सांभाळ!